गोठ्यातला दगड

प्रार्थनाघर म्हणजे चार दगडी भिंती, एक बुटकं दार आणि आत तीन बाकं. यात्रेच्या वाटेवर, कुठल्याच गावात न मोडणारं. घरून एक दगड आणायचा, मनातलं दुःख त्यावर सोपवायचं आणि तो दाराशी ठेवून हलकं होऊन पुढं जायचं, ही तिथली रीत. ठेवणारा हलका होतो. उचलायचं कुणी, हे एकही माईचा लाल विचारत नाही.

उचलायची झाडूवाली. ढिगानं दार अडायला लागलं की ती ढकलगाडी भरून दगड घरी न्यायची. त्यातूनच तिनं गोठ्याची पडकी भिंत नव्यानं रचली होती. गाय आज-उद्या व्यायला झालेली. उघड्यावर व्यायची का बिचारी?

अशात एक जण यात्रेच्या उलट दिशेनं चालत आला. पायांना चिंध्या बांधलेल्या.

"गेल्या महिन्यात माझ्या बायकोनं इथं दगड ठेवला," तो म्हणाला. "करडा, मधून पांढरी रेघ. आमच्या पोरीचा होता, ती खिडकीत ठेवायची. पोरगी गेली. हिनं मला न विचारता आणून टाकला."

प्रार्थनाघराचं कुंपण ठोकत असलेला दीर झाडूवालीच्या कानाशी लागला. "वहिनी, द्या ना एखादा रेघवाला. दगड तो दगड. गोठा कशाला दाखवताय?"

"भावजी, तुम्ही आपले खुंटे ठोका."

तिनं त्या माणसाला घरी गोठ्यात नेलं. दीरही मागून आला. तो माणूस भिंतीवरून तळवा फिरवत गेला. दाराच्या चौकटीजवळ, अगदी खाली, दगड सापडला. तो माणूस तिथंच शेणात बसला.

"असू दे," तो म्हणाला. "काढला तर भिंत खाली येईल. चांगल्या कामी लागलाय."

तिचं डोकं फिरलं. "मोठं मन दाखवू नका. बायको टाकून गेली, आता तुम्हीही टाकणार? आणि रोज शेण काढताना मी तुमच्या पोरीकडं बघत बसू? मला माझे मेलेले पुरेसे आहेत."

ती पहार घेऊन आली. दिरानं कपाळावर हात मारला. "अहो, एवढी मेहनत!"

"बघताय काय? गाय बाहेर घ्या."

दगड निघाला. मागोमाग निम्मी भिंत बसली. त्यानं दगड सदऱ्याला पुसून छातीशी धरला. "भिंत रचू लागतो."

"तुम्हाला जमायचं नाही. आधी बायकोला नेऊन दाखवा."

"ती बोलत नाही माझ्याशी."

"मग तुम्हीही बोलू नका. दगड मध्ये ठेवा आणि बसा."

तो गेला. बसलेल्या भिंतीतले निम्मे दगड फुटले होते आणि गाय काही थांबणार नव्हती. झाडूवाली ढकलगाडी घेऊन प्रार्थनाघराकडं गेली. दाराशी एक बाई नुकताच दगड ठेवून डोळे पुसत होती.

"झालं का, बाई?"

"हो."

"नक्की? नंतर न्यायला येणार नाही ना?"

बाई दगडाकडं बघत राहिली. झाडूवालीनं तेवढा एक सोडून बाकीचे गाडीत भरले.