पट्टीशिवाय काढलेला फोटो

गच्चीच्या कठड्यावर पोट टेकवून तो इतका खाली वाकला, की खिशातलं पेन निसटून मागच्या अंगणात पडलं. तिकडे लक्ष न देता त्याने भिंतीवरच्या भेगेला पिवळी मोजपट्टी लावली आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा डोळ्याला भिडवला. एक फोटो घेतला. काम झालं होतं.

जुन्या इमारती तपासून कुठली राहण्याजोगी आहे आणि कुठली नाही, हे ठरवण्याची नोकरी करताकरता त्याचे केस पिकले होते. ऑफिसात त्याला भेगाजी म्हणत. भेगाजी लग्नाला गेला तरी वधूवरांच्या आधी छताकडे बघतो, हा तिथला जुना विनोद होता आणि तो खराही होता. भेगेच्या फोटोत पट्टी हवीच. पट्टीशिवाय भेग केवढी ते कळत नाही, आणि ते कळलं नाही तर फोटोला अर्थ नाही.

या भेगेत एक झाड रुजलं होतं. कुठल्याशा पाखराने टाकलेलं बी असावं. थंडीत तो आला होता तेव्हा झाडाच्या नुसत्या काटक्या होत्या. आता पान एकही नव्हतं, पण काटकीकाटकीवर फिकट जांभळी फुलं लगडली होती. काजळलेल्या भिंतीतून, सांडपाण्याच्या पाइपाला वळसा घालून ते झाड उन्हात बाहेर आलं होतं.

त्याने पट्टी काढून खिशात घातली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. मग पुन्हा वाकून त्याने आणखी एक फोटो घेतला.

तो फोटो त्याच्या लेकीला सापडला.

"बाबा, हा तुम्ही काढलाय?"

"चुकून."

"चुकून असा येतो होय?" ती हसली आणि त्याला न विचारता तिने तो वाचनालयाच्या प्रदर्शनाला पाठवून दिला. शहरातला वसंत असा विषय होता. बागा, तळी, बाकावरची जोडपी अशा फोटोंमध्ये त्याचा फोटो मधल्या भिंतीवर लागला, सगळ्यांत मोठा. वर्तमानपत्रातही आला. ऑफिसात लोकांनी पाठ थोपटली. भेगाजी कलावंत निघाला, असं कोणीतरी म्हणालं. त्याला बरं वाटलं, पण आपण नक्की काय केलं ते काही केल्या त्याच्या ध्यानात येईना. संध्याकाळी घरी परतताना तो वाट वाकडी करून प्रदर्शनात जाई, मागे उभा राहून लोकांकडे बघे. लोक फोटोसमोर आले की बोलायचे थांबत.

अशाच एका संध्याकाळी एक वयस्क बाई त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पदराला दोरा अडकवलेली सुई टोचलेली होती.

"तुम्हीच ना ते तपासणीवाले साहेब? हे आमचं घर. झाडाच्या डावीकडची खिडकी माझी."

त्याने खिडकी पाहिली. इतके दिवस ती त्याला दिसलीच नव्हती.

"अजून तिथेच आहात, मावशी? महिनाअखेर सगळे दुसरीकडे जाणार होतात ना?"

"जाणार होतो. सामानसुद्धा बांधलं होतं लोकांनी. मग हा फोटो छापून आला." त्या फोटोकडेच बघत बोलत होत्या. "आता सगळे म्हणतात, एवढी सुंदर इमारत कोण पाडतंय? खालच्या बेकरीवाल्याने तर फोटो दुकानात लावलाय."

"पण ते झाडच भिंत फोडतंय. मुळं आतपर्यंत गेलीत. एखादा पाऊस, एखादं वादळ..."

"मग आधी ठरवा ना तुम्ही. सुंदर आहे की धोक्याचं आहे?"

"दोन्ही आहे."

"दोन्ही आम्हाला काय कामाचं? आम्हाला एकतर राहायचंय नाहीतर जायचंय."

त्या जायला वळल्या, मग थांबल्या.

"एकदा घरी या, साहेब. आमचे हे कोणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील, फोटो तुमचा आहे."

रविवारी सकाळी तो गेला. जाताना अहवालातली सगळी वाक्यं त्याने मनात घोळवली होती, पण चारी जिने चढेपर्यंत त्यांतलं एकही जागेवर राहिलं नाही. खोलीत शिवणयंत्राशेजारी कपड्यांचे गठ्ठे होते. पलंगावर उशीला टेकून मावशींचे यजमान बसले होते. गुडघे पार गेलेले, पण खांदे अजून रुंद. समोर वर्तमानपत्रातून कापलेला त्याचा फोटो चिकटवला होता.

"या, कलावंत!" काकांनी हाक दिली. "बसा. मी लिफ्ट दुरुस्त करायचो. जन्मभर लोकांना वरखाली नेलं, आणि आता बिनलिफ्टच्या इमारतीत मीच वर अडकलो."

"तुम्हाला हसू येतंय," मावशी म्हणाल्या.

"मग काय रडू?"

तो बसला. मुळं कशी पसरतात, भिंतीचा भार कुठे सरकतो, हे त्याने शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. यंत्रांत आयुष्य घालवलेला माणूस, त्याला भार कळत होता. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या कात्रणाकडे बोट केलं.

"एक विचारू? हा फोटो काढलात तेव्हा तुम्हाला ती भेग दिसत होती का?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ज्याला लग्नातसुद्धा छत दिसायचं, त्याला त्या घडीला भेग दिसली नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "तेवढ्यापुरती नाही दिसली."

"बघा!" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. "तुम्हाला नाही दिसली, तर मला कशी दिसावी?"

मावशींनी चहाचे पेले उचलले आणि त्या उगाचच मोरीत जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, तुम्ही हे झाड बघितलंय?" त्याने विचारलं.

"हे काय, रोज बघतो."

"फोटो नव्हे. झाड."

काकांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून झाड दिसत नव्हतं, भिंत आड येत होती. आणि गुडघे गेल्यापासून ते जिना उतरले नव्हते.

तो खाली जाऊन बेकरीवाल्याला घेऊन आला. बेकरीवाल्याचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते, ते तसेच. काकांना खुर्चीत बसवून दोघांनी खुर्ची उचलली. "हळू रे, मी माणूस आहे, पिठाचं पोतं नाही," काका दर वळणावर बजावत होते. मावशी पुढे चालत प्रत्येक पायरी सांगत होत्या.

मागच्या अंगणात ऊन आलं होतं. त्यांनी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

काकांनी मान वर केली. झाड फोटोतल्यापेक्षा भरलं होतं. त्याच्या खालून निघालेली भेग तिसऱ्या मजल्यावर दुभंगली होती, आणि एक फाटा मावशींच्या खिडकीखालून आडवा गेला होता. वाऱ्याने फांदी हलली की खाली बारीक मातीही झरत होती आणि पाकळ्याही.

आता काहीतरी सांगायला हवं, असं त्याला वाटलं. फुलांविषयी की भिंतीविषयी, ते मात्र उमगेना. कॅमेरा गळ्यात होता. त्याने तो हातात घेतला, झाडाकडे रोखला, मग काकांकडे, आणि परत खाली सोडला.

"केवढी मोठी आहे," काका म्हणाले.

फांदी की भेग, ते त्यांनी सांगितलं नाही. मावशींनीही विचारलं नाही.

बेकरीवाल्याने हातावरचं वाळलेलं पीठ चोळून काढलं आणि तो म्हणाला, "चला काका, पोचवतो वर."

काका झाडाकडेच बघत राहिले.

"अगं," ते मावशींना म्हणाले, "वरून माझी औषधं घेऊन ये. चष्माही. आणि तुझं काय काय असेल ते."

मावशी क्षणभर जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी पदर खोचला आणि त्या जिन्याकडे गेल्या. बेकरीवाला आधी काकांकडे आणि मग त्याच्याकडे बघत राहिला, आणि मावशींच्या मागोमाग जिना चढू लागला.

तो खुर्चीशेजारी तसाच उभा राहिला. काकांच्या खांद्यावर पाकळ्या आणि माती मिळूनच पडली होती. झटकावी म्हणून त्याने हात पुढे केला, आणि हात तसाच मध्ये थांबला.