दत्तक दिलेली ताई

सलूनवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा नाकावर बसवला, पण सुटलेली ओळ त्यांना लगेच सापडली नाही. बोट कागदावरून खाली सरकत गेलं.

"हां, इथे," ते म्हणाले आणि आपल्या सावकाश, एकेक शब्द विंचरून काढलेल्या इंग्रजीत पुढे वाचू लागले.

त्यांच्या पानात दुपार होती. ताई गच्चीवरचे वाळलेले कपडे काढत होती. शेजारीण कठड्यावरून वाकून काहीतरी म्हणाली आणि ताईला हसू आवरेना. हसताना तिने हात वर नेला आणि डोळे झाकून घेतले. तोंड नाही, डोळे. हसण्याजोगं काही दिसलंच नाही तर हसू आपोआप थांबेल, असा तिचा हिशेब असावा.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. भिंतीलगत बसलेल्या लॅबवालीने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"वा," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. हा लेखनवर्ग त्यांनीच सुरू केलेला. "आता ती तुमची झाली बरं का."

"माझी कसली बाई, मीच तिचा झालोय. काय लिहायचं ते तीच सांगते."

"तुमचं नशीब चांगलं," टॅक्सीवाला म्हणाला. "मला मिळालेला तो पोस्टमन दोन महिने झाले, जिनाच चढतोय. वर दार आहे की नाही, कोणास ठाऊक."

वर्गात याला दत्तक देणं म्हणत. प्रत्येकाने मनातून एक माणूस काढायचा, त्याची सुरुवातीची पानं लिहायची आणि दुसऱ्याच्या हवाली करायची. दुसऱ्याने तो माणूस पुढे न्यायचा. ज्याने दिला त्याने मधे बोलायचं नाही. ज्याने घेतला त्याने काही विचारायचं नाही. शेवटी माणूस मूळ मालकाकडे परत यायचा, मालकाने त्याची गोष्ट पुरी करायची, आणि अशा गोष्टींचा एक इंग्रजी संग्रह वाचनालय काढणार होतं. दर वर्गाच्या सुरुवातीला तासभर बाई कुठल्या ना कुठल्या कथा वाचून दाखवत. लेखक सगळे हल्लीचे, आशियाच्या या नाहीतर त्या टोकाचे, इंग्रजीत लिहिणारे. "बघा," बाई म्हणत, "भाषा बाहेरची आहे, पण उंबरठा घरचाच आहे. आणि हे लोक आता नात्याच्या शब्दांचं भाषांतर करत नाहीत. ताई म्हणजे ताई. वाचणाऱ्याला नडलं तर तो शिकेल."

म्हणून लॅबवालीच्या इंग्रजी पानांतही ताई ताईच राहिली होती. टॅक्सीवालासुद्धा विचारायचा, "आज आपली ताई काय म्हणते?"

माणूस मनातून काढायचा असतो, हे लॅबवालीला पानं दिली त्या दिवशीही ठाऊक होतं. ताई मनातून काढलेली नव्हती. ती तिची सख्खी बहीण होती; कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ताप आला आणि आठवड्याच्या आत गेली. कशाचा ताप, ते कोणाला कळलं नाही. धाकटी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. आता तिच्या डोक्यातली ताई वर्षागणिक फिकी होत चालली होती, आणि ती पूर्ण पुसली जाण्याआधी जशीच्या तशी कागदावर उतरवावी, एवढ्याचसाठी ती या वर्गात आली होती. आपल्या भाषेत लिहायला बसलं की वाक्य क्रियापदापर्यंत पोचत नसे. इंग्रजीत पोचायचं. रिपोर्ट लिहिल्यासारखं. तापाच्या आदल्या दिवसापर्यंत तिने लिहिलं आणि तिथे हात थांबला, तेव्हा बाईंनी दत्तकाचा खेळ काढला. "मनातलीच ना?" बाईंनी विचारलं होतं. तिने होकाराची मान हलवली होती.

घरी आई वाटच बघत होती. आईची नजर अधू झाली होती; टीव्ही नुसता आवाजापुरता. वर्गातल्या गोष्टी रात्री जेवणाआधी लेकीकडून आपल्या भाषेत ऐकणं, ही तिची आठवड्याची करमणूक. पहिल्यांदा लॅबवालीने स्वतःची पानं 'वर्गातल्या एकीची' म्हणून सांगितली होती. चार वाक्यं झाल्यावर आई म्हणाली होती, "ही आपली ताई."

"हो."

"मग पुढे?"

पुढचं सलूनवाले लिहीत होते. त्यांच्या पानांत ताईला ताप आलाच नाही. ती पास झाली, टेलिफोनच्या ऑफिसात लागली, भांडकुदळ पण जीव लावणाऱ्या माणसाशी तिने लग्न केलं. तिचं वजन वाढलं. तिला चष्मा लागला.

"लागणारच," आई म्हणाली होती. "पुस्तक नाकाला टेकवून वाचायची."

ती स्कूटर शिकली.

"पडली असेल."

"पडली. गुडघा फुटला."

"वाटलंच मला."

एकदा लॅबवालीला राहवलं नाही. तिने आईचा हात धरून, शब्द जपून वापरत, ताई आता नाही याची आठवण करून द्यायचा प्रयत्न केला. आईने हात सोडवून घेतला.

"अगं, ती गेली हे मला माहीत नाही का? मी घातलंय तिच्या तोंडात शेवटचं पाणी. पण पुढे काय झालं ते सांगशील की नाही?"

आज तिने गच्चीचं पान सांगितलं. शेजारीण, हसू, डोळ्यांवरचा हात.

"अगदी!" आई म्हणाली. "डोळेच झाकायची ती."

लॅबवाली ताट पुसत होती. ती थांबली.

"तोंड झाकायची, आई. दात पुढे होते म्हणून."

"छे गं. डोळे. तू केवढीशी होतीस तेव्हा."

दुसऱ्या दिवशी तिने मावशीला फोन केला. "हसायची बाई खूप," मावशी म्हणाली. "हात? हाताचं काय आठवणार आता? का गं, झालं काय?" काही नाही, ती म्हणाली. फोटोंत सगळे ताठ उभे होते आणि कोणीच हसत नव्हतं.

कामावर तिचे हात आपसूक चालत. तपासणीला आलेल्या, मेणात बसवलेल्या रुग्णाच्या मांसाच्या तुकड्याचा पातळ काप काढायचा, कोमट पाण्यावर सोडायचा, तो पसरला की खालून काचपट्टी घालून अलगद उचलायचा. कधीतरी आधीच्या रुग्णाचा एखादा कण पाण्यात राहून जातो आणि पुढच्याच्या पट्टीवर चढतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो खरा दिसतो, कारण तो खराच असतो. फक्त या माणसाचा नसतो. म्हणून दर वेळी पाण्यावरून टिपकागद फिरवायचा. ती तो आज दोनदा फिरवत होती. पट्टीवर काप नीट बसला की नाही बघताना तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून ताईला हसवून बघतोय, आणि ते आपल्याला जमत नाहीये.

सलूनवाल्यांकडून ताईला परत घ्यायचं, उरली असेल तेवढी तरी, असं ठरवून ती लॅब सुटल्यावर निघाली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सलूनवाले कंगवे धूत होते.

"या डॉक्टरबाई. बायकांचे केस कापत नाही, आधीच सांगतो."

"मी डॉक्टर नाही हो."

"मग मीही लेखक नाही. फिटंफाट. बसा."

ती बाकावर बसली. "ते डोळे झाकण्याचं तुम्हाला कसं सुचलं?"

"मालकाने मधे बोलायचं नाही. बाईंचा नियम आहे."

"मोडतेय मी नियम."

त्यांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग नळ बंद केला.

"सुचलं नाही. मला काही सुचत नाही, इथेच तर घोडं अडतं. ती आमची ही." त्यांनी हात फडक्याला पुसले. "स्कूटर, गुडघा, टेलिफोनचं ऑफिस, सगळं तिचं. भांडकुदळ नवरा तुमच्यासमोर उभा आहे. तुमची ताई ऐन तारुण्यात माझ्या हातात आली. पुढे न्यायची कशी? मला जवळून माहीत असलेली एकच बाई."

"त्या..."

"गेली. मागच्या पानात ताई जेवढ्या वयाची झाली ना, तेवढीच होती." त्यांनी टॉवेलांच्या खालची पानं काढली आणि तिच्यापुढे धरली. "मीच येणार होतो तुमच्याकडे. याच्यापुढचं मला येत नाही. आता तुमची तुम्ही सांभाळा."

ती ज्यासाठी आली होती ते न मागता समोर आलं होतं. तिने हात पुढे केला नाही.

"ताई माझी बहीण होती," ती म्हणाली. "खरीखुरी. कॉलेजात असताना गेली."

पानं धरलेला हात तसाच राहिला. मग सलूनवाले गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. आरशात ते दोन झाले.

"म्हणजे तुमची संपली तिथून आमची सुरू झाली," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "मला माहीत असतं तर हात लावला नसता हो. काढून टाकू का ते? कात्री चालवणं हेच तर आपलं काम." हे त्यांनी हसत म्हणायचा प्रयत्न केला.

"डोळेच झाकायच्या त्या?"

"डोळेच." त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

तिने पानं घेतली. काढून टाका असं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

घरी दिवा लागलेला नव्हता. आईला त्याची गरज पडत नसे. ती खाटेवर बसली होती.

"आज वर्ग होता का?"

"नव्हता. सलूनवाल्यांकडे गेले होते." लॅबवालीने दिवा लावला, स्टूल ओढलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. "ते सगळं त्यांच्या बायकोचं होतं, आई. स्कूटर, चष्मा, डोळे झाकणं. ताईचं त्यात काहीच नव्हतं."

आईने तोंड तिच्या आवाजाकडे वळवलं.

"कशाने गेली?"

"कोण?"

"त्यांची बायको."

"विचारलं नाही मी."

"विचारायचं असतं गं."

"आई, ताई तोंड झाकायची."

"दिसते तुला तशी?"

लॅबवालीने डोळे मिटले. आवाज आला, केसांचा शेपटा आला, तिच्या निळ्या ड्रेसचा रंग आला. हसू फुटलं, हात वर यायला लागला. ओठांपाशी तो थांबला नाही. तिने पुन्हा सुरुवातीपासून बघितलं. पुन्हा तेच झालं.

"नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही," आई म्हणाली. "फार दिवस झाले. चेहरा येतो. हसलेला येत नाही."

"मग तू 'अगदी' म्हणालीस ते?"

आईने चादरीवरची सुरकुती चाचपून सपाट केली.

"तो माणूस इतक्या खात्रीने सांगत होता ना. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल कोणी असं बोललंय का? गुणाची होती म्हणतात, की संपलं. तिला हात असतात, गुडघे असतात, हे कोणाच्या डोक्यात तरी येतं का?" ती थांबली. "मला वाटलं, नाही म्हटलं तर तो सांगायचा बंद होईल."

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली. पानं लॅबवालीच्या मांडीवर होती, सलूनवाल्यांच्या टपोऱ्या अक्षरातली.

"मग आता पुढचं कोण लिहिणार?" आईने विचारलं.

"त्यांना येत नाही पुढचं. पानं मला परत दिली."

"आणि तुला?"

तिने शेवटची ओळ पाहिली. इंग्रजी वाक्य तिने मनातल्या मनात एकदा वाचलं, आणि मग आईसाठी मोठ्याने, आपल्या भाषेत म्हटलं. "'हसून झाल्यावर कपडे छातीशी धरून ती जिना उतरली.'" सलूनवाल्यांचं एवढंच होतं. या वेळी वाक्य क्रियापदापर्यंत पोचलं होतं. पुढचा कागद कोरा होता.

"आणि मग," ती म्हणाली, "मग ती दारातून आत आली."

आई खाटेवर भिंतीकडे सरकली. तिच्या बाजूला एकीपुरती जागा होती. सरकल्यावर ती दोघींपुरती झाली.