नदीकाठच्या वाटेचा ठराव

सभागृहात खुर्च्या एकशेवीस होत्या आणि माणसं दोनशे चौदा. व्हर्जिनियाच्या त्या डोंगराळ काउंटीत नदीकाठच्या वाटेवर बंदूक नेण्यास बंदी घालणारा ठराव आज मताला येणार होता. लोरेटा नर्स होती आणि रोज त्याच वाटेने एकटी घरी जायची. ठराव मंजूर झाला तर कमरेचं पिस्तूल घरी ठेवणं भाग होतं. म्हणून तिने दारोदार फिरून ही माणसं जमवली होती.

धास्ती होती ती थोरल्या भावाची. मागच्या सभेत वेंडेलने आरडाओरडा करून मत देणाऱ्या काउंटी मंडळाच्या पाचही सदस्यांना बिथरवलं होतं.

"दादा, आज तोंडाला कुलूप."

"मग आणलंस कशाला? शोभेला?"

"उभं राहायला. इथे टाळ्यांना मनाई आहे. माझं पटलं तर नुसता उभा राहा."

"एवढंच? मग पटलंच समज."

बोलायला तीन मिनिटं मिळाली. शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलिसांची, गाडी त्या वाटेवर पोचायला पाऊण तास लागतो, हे तिने सांगितलं. आईने आपल्याला नेम धरायला शिकवलं आणि आता आपण गावातल्या बायकांना शिकवतो, हेही सांगितलं. आवाज कापत होता. तेवढ्यात मागे खुर्च्या सरकल्या. तिने वळून पाहिलं. वेंडेल टोपी छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून उभा होता. बंदी हवी असणाऱ्यांच्या दोन रांगा सोडल्या तर एकही खुर्ची भरलेली नव्हती. लोरेटाची मान ताठ झाली. उरलेलं ती न अडखळता बोलली.

मतदान झालं. ठरावाच्या बाजूने एक, विरोधात चार.