गाडी कुठे होती

उत्तराने विचारलं, "काका, कल्याणहून येताना शिळफाट्याच्या अलीकडे की पलीकडे?"

सुधीररावांनी चष्मा काढून पुसला. उत्तरा त्यांची वकील; तिचं ऑफिस ठाण्यात कोपरीला, एका दातांच्या दवाखान्यावर होतं. खालून यंत्राची घरघर सतत वर येई. त्यांना आता तिची सवय झाली होती.

"तसं त्याने सांगितलं नाही," ते म्हणाले.

"मग विचारा ना. सरकारवर दावा लावायचा तर जिथे मारलं, तिथलंच कोर्ट. अलीकडे असेल तर कल्याण, पलीकडे असेल तर ठाणे. चुकीच्या कोर्टात गेलो तर ते पहिली हरकत तीच घेतील, आणि सगळे कागद परत माझ्या टेबलावर."

सुधीररावांचा मुलगा सुश्रुत साइट इंजिनिअर होता. कल्याणजवळ एका इमारतीचा स्लॅब कोसळून दोन मजूर गेले आणि सुश्रुत आत गेला. खटला कल्याणला, तुरुंग ठाण्याला. गेल्या वर्षी तारखेहून परत आणताना पोलिसांच्या गाडीतल्या एका शिपायाने त्याला मारलं. डावा कान कायमचा गेला. त्यानंतर त्याची कोर्टातली हजेरी तुरुंगातूनच, व्हिडिओच्या पडद्यावर होत होती. त्या गाडीत तो पुन्हा बसला नव्हता.

"साक्षीला त्याला प्रत्यक्ष आणावं लागेल," उत्तरा म्हणाली. "ठाण्याचं कोर्ट तुरुंगाजवळच आहे, तिथे पायी आणतात. कल्याण असेल तर गाडी."

सुश्रुतने हे आधीच ओळखलं होतं. 'कल्याण असेल तर दावा नको,' असा निरोप त्याने वकीलबाईंकडे पाठवला होता. सुधीररावांना दावा हवा होता. का, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. कुणीतरी एकदा 'हे झालं' असं म्हणावं, एवढंच.

त्यांना विचारता येत नव्हतं. घरात तशी पद्धतच नव्हती. दुखऱ्या जागेविषयी कुणी बोलायचं नाही. त्यांच्या बायकोने, मंदाकिनीने, आयुष्यभर ती पद्धत सांभाळली होती आणि सगळ्यांना तिचा फायदा झाला होता. आताही तुरुंगात मुलाखतीला जाताना ती म्हणायची, "त्याला नको ते विचारू नका. जेवतो का, झोपतो का, एवढंच." मारहाणीबद्दल सुश्रुत आपणहून एकदाच बोलला होता. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली, बाहेर कुणाच्या तरी हळदीचा बेंजो बँड वाजत होता आणि तेवढ्यात पहिला फटका बसला. बस्स.

तेव्हा सुधीररावांनी मुलाला विचारायचं सोडून रस्त्यालाच विचारलं. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस. रस्ता त्यांना माणसांपेक्षा सोपा वाटे. डोंबिवलीहून रिक्षा करून ते निघाले आणि नाक्यानाक्यावर उतरले. हळद शिळफाट्याच्या पलीकडे निघावी, असं मनात होतं. पण काटईलाच त्यांनी एका भाजीवालीला त्या दिवशीच्या हळदीचं विचारलं.

"त्या तारखंला ना? आमचे पंढरीशेठचे पोरीची हलद व्हती. रस्ता पार जाम केलता. तुमी फोटोवाले का? पैशे रायलेत का तुमचे?"

"नाही, नाही."

"मंग जेवायचं रायलं असंल," ती म्हणाली, आणि शेजारच्या दोघीजणी हसल्या. सुधीररावही हसले. मग त्यांनी उगाचच पावशेर भेंडी घेतली.

काटई म्हणजे अलीकडे. म्हणजे कल्याण.

पुढच्या मुलाखतीला मंदाकिनीचे गुडघे धरले होते, म्हणून ते एकटेच गेले. काचेपलीकडे सुश्रुत बसला. त्याने रिसीव्हर उजव्या कानाला लावला.

"आई?"

"गुडघे. तुझी झोप?"

"लागते."

"जेवण?"

"बाबा, रोज तेच असतं."

सुधीररावांनी रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळली, सोडली.

"मी काटईला जाऊन आलो," ते म्हणाले. "हळद तिथेच होती. नक्की झालं."

सुश्रुतने मान हलवली. "मग कल्याण."

"हो."

"मग नको, बाबा. मी बसणार नाही त्या गाडीत. उत्तराताईंना सांगा, ठाणे लिहा नाहीतर फाडून टाका."

"खोटं कसं लिहायचं? आपणच खोटं लिहिलं तर..."

"मग फाडा."

मागच्या बाकावरची बाई मोठ्याने कुणालातरी लाडू पोचले का विचारत होती. वेळ संपत आली होती. सुधीररावांना वाटलं, आता उठावं. पण उठताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कुठवर मारलं रे?"

सुश्रुतने त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. वकीलबाईंना मार कुठे सुरू झाला ते हवं होतं, डॉक्टरांनी कान तपासला होता.

"माजिवड्यापर्यंत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"काटईला सुरू केलं. मुंब्रा बायपासला थोडा दमला, पाणी प्यायला. मग परत. कान तिथेच गेला बहुतेक, बायपासला, कारण नंतर हॉर्न एकाच बाजूने येत होते. माजिवड्याला पूल उतरताना दुसरा शिपाई म्हणाला, पुरे आता, जेल आलं."

तो हे जेवणाबद्दल बोलावं तसं बोलत होता.

सुधीररावांच्या डोळ्यांपुढे तो रस्ता आला, त्यांनी कागदावर काढला असता तसा: काटई, शिळफाटा, बायपास, खाडीवरचा पूल, माजिवडा. फाट्याच्या पलीकडचा भाग लांब होता. कान तिकडे गेला. मार तिकडे संपला. उत्तराला हे पुरलं असतं. ठाणे लिहिता आलं असतं, आणि एक अक्षर खोटं लिहावं लागलं नसतं. त्यांना हलकं वाटलं.

"बरं झालं," ते म्हणाले.

रिसीव्हरमध्ये खरखर झाली. सुश्रुतने तो कानावर नीट दाबला.

"हो," तो म्हणाला. "मग ठाणेच होईल ना?"

"ठाणेच."

"पायी नेतात."

"हो, पायी."

शिपायाने काचेवर टिचकी मारली. सुश्रुतने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि तो आत गेला. सुधीरराव बाहेर येऊन फाटकाशी उभे राहिले. त्यांनी उत्तराला फोन लावला आणि तो रस्ता, जसा ऐकला तसा, एकेक नाका घेत सांगायला सुरुवात केली.