डावीकडून आलेला पास

बाणाला कुणीतरी रातोरात खांब करून टाकलं होतं.

बाण हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. धंद्याने तो काचा बसवणारा. आठवडाभर शिडीवर चढून लोकांच्या खिडक्यांना काचा लावायचा आणि रविवारी एका लहानशा फुटबॉल क्लबासाठी गोल मारायचा. पळायचा असा, की त्याचं खरं नाव टीममध्ये कुणाला आठवतही नव्हतं. त्याबद्दल तो भावही भरपूर खायचा.

त्या दिवशी सराव संपल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत गोलकीपरने फोन त्याच्या नाकासमोर धरला. फोनवर तो गेम होता. त्यात आपण मॅनेजर व्हायचं, टीम निवडायची आणि खऱ्या क्लबांच्या खऱ्या खेळाडूंना आपल्या तालावर नाचवायचं. बाणाचा क्लब अगदी तळाला का होईना, पण त्यात होता. मागच्या वर्षी गेमने बाणाला ‘पोचर’ म्हटलं होतं. पोचर म्हणजे गोलाजवळ टपून राहणारा, डिफेंडरची नजर जरा हलली की त्याच्या पाठीमागून सुळकन घुसणारा. बाणाने ते पान बायकोच्या माहेरापर्यंत सगळ्यांना दाखवून आणलं होतं.

नव्या वर्षाच्या गेममध्ये त्याच्या फोटोखाली ‘टार्गेट मॅन’ असं लिहिलं होतं.

“हे काय नवीन?”

“खांब,” गोलकीपर म्हणाला. “गोलाकडे पाठ करून उभं राहायचं, समोरून आलेला लांब बॉल छातीवर झेलायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. धक्के तू खाणार, गोल तो मारणार.”

खोलीत हशा पिकला. बाण हसला नाही. त्याची नजर खाली आकड्यांवर गेली होती. वेग होता तसाच होता, पण ‘अंदाज’ या रकान्यात वीसपैकी पाच. मागच्या वर्षी तिथे पंधरा होते. आणि येत्या रविवारी एका मोठ्या क्लबाचा माणूस त्याला बघायला येणार होता. बाण तिशीला टेकलेला, त्यामुळे असा माणूस पुन्हा येण्यातला नव्हता. त्याने हा गेम आधीच उघडून बघितला असेल तर? खांब बघायला कोण एवढा प्रवास करून येतं?

“अंदाज कसला घेऊ, डोंबल!” तो उसळला आणि डाव्या बाजूने खेळणाऱ्या विंगरकडे वळला. “हा वर्षभरात मला एक पास देईल तर शपथ! उजवीकडून येतात तेवढेच बॉल माझे. डावीकडे नुसता दुष्काळ.”

त्या विंगरला सगळे मुक्या म्हणत, कारण दिवसातून चार शब्द बोलला तरी त्याला जड व्हायचं. मुक्याने बाणाकडे टकमका बघितलं, तोंड उघडलं, मिटलं आणि बूट पिशवीत कोंबले.

बाणाने तडक ताईचं घर गाठलं. ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. भावाची एकही मॅच ती चुकवायची नाही आणि तिचा कॉम्प्युटरवर हातही चांगला होता. गेमवाल्यांना झणझणीत तक्रार लिहावी तर तिनेच.

“कुठल्या गाढवाने हे आकडे भरलेत ते शोधून काढ आणि त्याला चांगला धारेवर धर,” बाण म्हणाला.

“शोधायला कशाला हवं?” ताई म्हणाली. “मीच भरते.”

बाणाला आधी ती थट्टाच वाटली. पण ताईचा चेहरा थट्टेचा नव्हता. कंपनीला प्रत्येक क्लबामागे एक हौशी माणूस लागतो, तिने सांगितलं. मॅच बघायच्या आणि जसं दिसेल तसं लिहून पाठवायचं. मागच्या वर्षी त्याला पोचर केलं तेही तिनेच.

“तू?” बाणाचा आवाज चिरकला. “माझी सख्खी बहीण? परक्याने केलं असतं तर एक वेळ समजलो असतो!”

“सख्खी म्हणून वाढवून लिहू का?”

“पण खांब, ताई! आणि पाच? माझं नाक कापलंस तू चारचौघांत!”

“बस खाली. आधी बघ, मग हवं तेवढं ओरड.”

तिने मॅचचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर मुक्या डाव्या कडेने सुसाट आला आणि त्याने पास दिला, अगदी ताटात वाढून द्यावा तसा. बॉल बाणाच्या डाव्या हाताशी आला आणि हातभर अंतरावरून निघून गेला. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही. उलट मागे वळून, हात पसरून तो मुक्यावर ओरडला.

“हे कधीचं?”

“गेल्या रविवारचं.”

“छे! असा पास आलाच नव्हता.”

ताईने दुसरा दाखवला. मग आणखी एक, त्याच्या आदल्या मॅचमधला. दर वेळी बॉल आला होता, गेला होता आणि दर वेळी बाणाने मुक्याचा उद्धार केला होता. वर्षभर ज्या पोराला तो टाकून बोलत होता, तो पोरगा वर्षभर त्याला पास देत होता.

“मला वाटलं, मुक्याशी तुझं वाकडं आहे, म्हणून तू मुद्दाम सोडतोस,” ताई म्हणाली. “पण समोरून आलेला बॉल घेतोस, तेही दिसत होतं. मग म्हटलं, गोलाकडे पाठ करून उभा राहिलास तर बॉल समोरूनच येईल. निदान तेवढा तरी घेशील. म्हणून टार्गेट मॅन लिहिलं.”

“मुद्दाम? आईशप्पथ सांगतो ताई, यातला एकही बॉल मी बघितलेला नाही.”

गाडी शिकायला येणाऱ्यांची नजर तपासताना ताई बघायची तसं तिने त्याच्याकडे निरखून बघितलं आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

“माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही. आता सांग, बोटं किती?”

“कसली बोटं? आधी हात तरी वर कर.”

“वरच आहे.”

बाणाने मान वळवली. ताईचा हात त्याच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला होता, तीन बोटं ताठ उभी. त्याला दाराच्या चौकटीवर आपटून काळानिळा झालेला डावा खांदा आठवला. परवा वळताना भिंतीला थडकून फुटलेली काच आठवली. त्या काचेपायी तो मदतनिसावर डाफरला होता.

“उजवा डोळा झाक,” ताई म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटत असावा, कारण तिने तेच पुन्हा एकदा सांगितलं.

बाणाने उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

“ताई, लाइट गेली का गं?”

डोक्यावर ट्यूबलाइट जळत होती. ताईने त्याचा डावा हात धरला, तर तो केवढा तरी दचकला.

“ताई, सांग ना. गेली का?”

“नाही रे राजा,” ती म्हणाली. “लाइट आहे.”