माझ्या पोटाला खिडकी पडली

मित्रांनो, मी चकल्यांचा जुना पत्र्याचा डबा. नागपूरहून वीणाकाकूंच्या बॅगेत बसून न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला आलो. चकल्या संपल्यावर काकूंनी माझ्या झाकणाला फट पाडली आणि मराठी मंडळाच्या निवडणुकीत लोक माझ्यात मतांच्या चिठ्ठ्या टाकू लागले. केवढा मान मिळाला मला!

मागच्या वर्षी मात्र विपरीत घडलं. आपण हरणार, अशी अध्यक्ष प्रतापकाकांना भीती वाटली. मोजणीआधीच त्यांनी मला गाडीच्या डिकीत कोंडलं आणि माइकवर सांगितलं, "इलेक्शन कॅन्सल केलंय. जुनीच कमिटी राहील. चला, जेवून घ्या!"

श्रीखंड-पुरी तयार होती. पण कोणीही ताट उचललं नाही. काकांनी मित्राला, सुशांतला, किल्ली दिली. "डबा माझ्या घरी नेऊन ठेव."

"सॉरी यार प्रताप, हे मी करणार नाही," म्हणत सुशांतने मला परत आणलं. सगळ्यांसमोर मोजणी झाली. काका हरले.

मग खरा पेच पडला.

"हाकला त्यांना मंडळातून!"

"जाऊ दे ना, आपलेच काका आहेत."

छोट्या अनिकाने विचारलं, "काकू, एखाद्या देशात असं झालं तर काय करतात?"

वीणाकाकू पूर्वी नागरिकशास्त्र शिकवत. त्या म्हणाल्या, "तिथेही हाच पेच असतो, बाळा. नुसतं सोडून दिलं, तर उद्या दुसरा कोणी तेच करील. सूड घेतला, तर आपणही तसेच होऊ. म्हणून सगळ्यांसमोर जाब विचारायचा आणि त्यांचंही ऐकायचं."

तसंच झालं. प्रतापकाकांना निवडणुकीला उभं राहायला बंदी झाली. मताचा हक्क मात्र राहिला.

"आता हा डबाही फेका," कोणीतरी म्हणालं.

"व्हाय? त्याने काय केलं? आतलं दिसत नाही, एवढंच ना?" अनिका म्हणाली.

मग माझा पत्रा कापून तिथे काच बसवली. दुखलं खूप! पण आता मोजणी होईपर्यंत मी सगळ्यांच्या नजरेसमोर असतो.

यंदा रांगेत शेवटी प्रतापकाका उभे होते. त्यांनी चिठ्ठी टाकली आणि वाकून काचेतून पाहिलं.

"पडली का गं?"

"पडली, काका. सी? दिसतेय ना?" अनिका म्हणाली आणि त्यांना जेवायला घेऊन गेली.

मित्रांनो, माझी काच अधूनमधून पुसत जा. आणि कोणी मला उचलून नेऊ लागलं, तर श्रीखंड थोडा वेळ थांबू द्या.