तोफेला दिलेले पास

आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉलच्या अंतिम सामन्यात तोफ स्मॅश मारून उतरली ती नेटखालून थेट ताईच्या पायावर. समोरच्या कॉलेजातल्या या धिप्पाड मुलीला सगळे तोफच म्हणत. ताईनं तिचे फटके सारखे अडवले होते, त्याचा हा राग. पंचांनी नुसती शिट्टी फुंकली. ताईचा गुडघा मात्र कायमचा गेला.

राखीव बाकावरून धाकटीनं, म्हणजे ताईच्या सख्ख्या बहिणीनं, सगळं पाहिलं आणि मनात गाठ मारली.

पुढच्या वर्षी ताईच्या जागी तीच सेटर, म्हणजे फटका मारणारीला पास उचलून देणारी, झाली. विद्यापीठाची रीतच अशी, की वर्षभर एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कॉलेजांतूनच चांगल्या मुली वेचायच्या आणि त्यांचा एक संघ दुसऱ्या विद्यापीठांशी खेळायला पाठवायचा. त्या संघात तोफही आली, धाकटीही.

"झालं गेलं विसर गं," सराव शिबिरात तोफ लाडात म्हणाली. "मला फक्त उंच पास दे, बाकी मी बघते."

"देईन की."

शिबिरभर धाकटीनं असे लोण्यासारखे पास दिले की प्रशिक्षक खूश. स्पर्धेत राष्ट्रीय संघाचे निवडकर्ते समोर येऊन बसले आणि तिनं डाव फिरवला. पास उंचच, पण पार नेटला चिकटलेले. शिवाय चेंडू कुणाकडे जाणार हे समोरच्यांना कळावं म्हणून ती खांदा आधीच वळवायची. तोफ उडाली की पुढ्यात हातांची भिंत तयार. चेंडू पुन्हा पुन्हा तिच्याच पायाशी आपटू लागला.

"डोळे उघडून मार!" प्रशिक्षक तोफेवरच कडाडले आणि तिला बाहेर बसवलं. संघ हरला.

कपडे बदलायच्या खोलीत तोफेनं धाकटीला एकटीला गाठलं. "मुद्दाम केलंस तू!"

"हो." धाकटी बुटाची नाडी सोडत राहिली. "जा, सांग सगळ्यांना. पास तर उंच होते."

तोफ रडायला लागली. धाकटीला गार वाटलं. नंतर आत आलेल्या बाकीच्या मुलींच्या सुजलेल्या डोळ्यांकडे मात्र तिला बघवेना. आपलीही निवड आता होणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

ती बाहेर आली तेव्हा ताई कठडा धरून प्रेक्षकांच्या पायऱ्या उतरत होती. पास द्यायला तिनंच शिकवलं होतं, तिच्यापासून काय लपणार? आता बोलणी खावी लागणार म्हणून धाकटी मान खाली घालून उभी राहिली.

"खांदा फार आधी वळवत होतीस," ताई हळूच म्हणाली. "एखाद्याच्या लक्षात आलं असतं ना, वेडे!"

आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन चालू लागली.